नवव्या गल्लीतला लाल हापसा

पाणी तपासणीच्या ऑफिसात बाईंचा प्रोग्राम नऊ वर्षं चालत होता आणि नऊ वर्षांत त्याने हूं की चूं केलं नव्हतं. बाकी ऑफिसात धड असं काही नव्हतं. प्रिंटर कागद चावायचा, पंखा एकाच वेगाने फिरायचा, साहेबांच्या केबिनचं दार खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. बाईंचा प्रोग्राम मात्र कळ दाबली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तक्ता हातात द्यायचा. कुणी कौतुक केलंच तर बाई म्हणायच्या, "लिहिताना डोकं वापरलं की नंतर डोकेदुखी होत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की त्यांची पाठ वळली की लोक ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचंही त्यांना थोडं बरं वाटायचं.

काम तसं साधं होतं. वस्तीत चौदा गल्ल्या, प्रत्येक गल्लीत सहा हापसे. दर तीन महिन्यांनी त्या चौऱ्याऐंशी हापशांचं पाणी बाटल्यांत भरून यायचं, त्यातलं नायट्रेट मोजलं जायचं आणि आकडे एका टेक्स्ट फाइलमध्ये टाइप व्हायचे. एका ओळीत एक गल्ली, ओळीत सहा आकडे. बाईंचा सी भाषेतला प्रोग्राम ती फाइल उघडून आकडे एकेक करून टू-डी अ‍ॅरेत ठेवायचा. नाव मोठं असलं तरी अ‍ॅरे म्हणजे खणाखणांचा डबा. आडव्या चौदा ओळी, उभ्या सहा, एका खणात एक आकडा. डबा भरला की प्रोग्राम पन्नासच्या वरचे आकडे हुडकायचा आणि चिठ्ठी छापायचा, अमुक गल्ली, अमुक हापसा. ती चिठ्ठी थेट रंगाऱ्याच्या हातात जायची आणि रंगारी तो हापसा लाल रंगवून यायचा. लाल म्हणजे धुण्याभांड्याला घ्या, पिऊ नका. मोठ्या माणसांना त्या पाण्याने लगेच काही होत नाही, पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या मुलाच्या पोटात ते गेलं की रक्तच बिघडतं, ओठ निळे पडतात, आणि वेळेवर कळलं नाही तर मूल जातं.

त्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीत एकच हापसा लाल झाला, नवव्या गल्लीतला तिसरा. पाच आठवड्यांनी त्याच गल्लीतलं चार महिन्यांचं एक मूल गेलं.

डॉक्टर म्हणाले, पाण्याने. ऑफिसची माणसं चौकशीला गेली. मुलाच्या घरासमोरच तो लाल हापसा होता. शेजारणीने सांगितलं की सून बिचारी चौथ्या हापशावरून पाणी आणायची, पण सासू गुडघ्यांनी अधू, ती सुनेचा डोळा चुकवून अधूनमधून दारातल्या लाल हापशावरच घागर भरायची. जित्याची खोड. सासूला विचारलं तर ती नाही म्हणाली नाही. "भरलं मी. चार-पाचदा भरलं," एवढंच म्हणाली आणि दाखवतील तिथे अंगठा उठवला. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. हापसा रंगवलेला होता, सूचना दिलेली होती, म्हातारीने ऐकलं नाही. ऑफिसचा काही संबंध नाही. लाल हापशाचं पाणी पुन्हा तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तो लालच होता, तपासायचं काय?

बाईंनाही वाईट वाटलं. घरी जाताना त्या दिवशी त्यांनी बसमध्ये एका बाईच्या मांडीवरचं मूल पाहिलं आणि मान फिरवली. पण वाईट वाटणं वेगळं आणि आपला काही हात असणं वेगळं. चिठ्ठी वेळेवर निघाली होती, हापसा वेळेवर रंगवला होता. बाईंच्या बाजूने सगळं चोख होतं.

महिनाभराने साहेबांनी त्यांना बोलावलं. "ते नवव्या गल्लीचं प्रकरण बंद करायचंय. त्या फेरीचा पूर्ण तक्ता छापून द्या. फाइलला लावतो आणि कपाटात टाकतो."

बाईंनी तक्ता छापला. प्रिंटरने सवयीप्रमाणे पहिला कागद चावला, दुसरा दिला. देण्याआधी एकदा नजर टाकायची म्हणून बाई उभ्या उभ्या तो वाचू लागल्या. चौदाव्या गल्लीच्या सहाव्या खणात शून्य होतं.

शून्य म्हणजे उत्तम पाणी. शून्याकडे कोण पाहतो? पण बाईंनी ते आकडे नऊ वर्षं पाहिले होते. वस्तीतल्या कुठल्याच हापशाला कधी शून्य आलेलं नव्हतं. जमिनीत एवढे खड्डे, एवढी गटारं, कमीत कमी आठ-दहा तरी निघायचेच. आणि चौदाव्या गल्लीतला तो शेवटचा हापसा तर कायम वीसच्या आसपास असायचा. बाईंनी मूळ टेक्स्ट फाइल उघडली. शेवटच्या ओळीतला शेवटचा आकडा होता एकवीस. तक्त्यात तो एकवीस होता, पण एक खण अलीकडे, पाचव्या हापशापुढे.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी बोट ठेवून मागे मागे जायला सुरुवात केली. चौदावी गल्ली, तेरावी, बारावी. फाइलमधला प्रत्येक आकडा तक्त्यात एक खण अलीकडे सरकलेला होता. आपल्या हापशापुढे एकही नव्हता, सगळे शेजाऱ्याच्या घरात घुसलेले. अकरावी, दहावी. नवव्या गल्लीपाशी बाईंचं बोट थांबलं. फाइलमध्ये एकशे अठरा हा आकडा चौथ्या जागी होता. तक्त्यात तो तिसऱ्या खणात होता.

त्या तशाच मागे गेल्या, कारण आता थांबायची हिंमत नव्हती. पाचव्या गल्लीच्या ओळीत दुसऱ्या आकड्याच्या जागी काहीच नव्हतं. नुसती मोकळी जागा, चार-पाच स्पेस. ओळीत पाचच आकडे होते.

इथेच घोडं पेंड खात होतं. बाईंच्या प्रोग्राममध्ये दोन फेरे होते, बाहेरचा गल्ल्यांचा आणि आतला हापशांचा, आणि आतल्या फेऱ्यात एकच हुकूम: फाइलमधला पुढचा आकडा वाच आणि या खणात टाक. वाचायचं काम सी मधलं एफस्कॅनएफ करतं. ते हुकमाचं ताबेदार. त्याला पुढचा आकडा म्हटलं की ते पुढचा आकडाच शोधतं. मध्ये मोकळी जागा आली की ओलांडतं, ओळ संपली की पुढच्या ओळीत शिरतं. त्याला गल्ली कळत नाही की हापसा कळत नाही. पाचव्या गल्लीतली मोकळी जागा त्याने ओलांडली, तिसऱ्या हापशाचा आकडा दुसऱ्याच्या खणात टाकला आणि तिथून पुढे सगळी वस्ती एकेक घर अलीकडे सरकवली. शेवटच्या खणाला आकडाच उरला नाही. तिथे सुरुवातीला भरून ठेवलेलं शून्य होतं, ते तसंच राहिलं. आकडा मिळाला नाही, हे एफस्कॅनएफने त्या क्षणी सांगितलंही होतं. ते दर वेळी सांगतं. ते ऐकून घ्यायला एक ओळ लिहावी लागते. बाईंनी ती ओळ लिहिली नव्हती.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते बाईंना पन्नासाव्या वर्षी कळलं.

मग त्या सिस्टरकडे गेल्या. सिस्टर म्हणजे नमुने गोळा करणारी नवी बाई. आधी वीस वर्षं दवाखान्यात नर्स होती, म्हणून ऑफिसातही सिस्टरच. ती त्या फेरीपासूनच कामाला लागली होती आणि आकडेही तीच टाइप करायची. टाइप झालं की तिचं काम संपलं. चिठ्ठी तिच्या नजरेला पडायचीच नाही.

"पाचव्या गल्लीतला दुसरा हापसा," बाई म्हणाल्या. "त्याची जागा तुम्ही मोकळी का सोडलीत?"

"दांडाच नव्हता त्याला. मोडून पडला होता. पाणी आलंच नाही तर आकडा कुठून आणू?"

"मग शून्य तरी टाकायचं."

सिस्टरने बाटल्या पुसता पुसता वर पाहिलं. "शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. मी मोजलंच नव्हतं. ज्या पेशंटचा ताप बघितला नाही त्याच्या कागदावर मी नॉर्मल लिहू?"

बाई म्हणाल्या, "आप्पांच्या फायलीत कधी मोकळी जागा नसायची." आप्पा म्हणजे सिस्टरच्या आधीचे, त्या फेरीच्या तोंडावरच निवृत्त झालेले.

"नऊ वर्षांत एकदाही?" सिस्टर हसली. "बाई, या वस्तीत रोज एक हापसा मोडतो. काय करायचे मग ते?"

काय करायचे ते बाईंना आत्ता कळलं. मोडक्या हापशासमोर आप्पा शेजारच्या हापशाचा आकडा पाहत असणार आणि त्यात दोन इकडे दोन तिकडे करून ठोकून देत असणार. दरवेळी चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी, नाकासमोर. एका थापाड्या माणसाच्या जिवावर बाईंचा प्रोग्राम नऊ वर्षं खरा ठरला होता. पहिलं खरं माणूस कामाला आलं आणि तो पहिल्याच फेरीला उताणा पडला. बाईंना आप्पांचा राग यायला हवा होता, पण आप्पांनी फक्त आकडे बनवले होते. मोकळी जागा येणारच नाही असं धरून चालल्या होत्या त्या स्वतः बाईच.

सिस्टरला त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टरने हातातलं फडकं खाली ठेवलं. दोघी त्याच दुपारी नवव्या गल्लीत जाऊन तिसऱ्या आणि चौथ्या हापशाच्या बाटल्या भरून आल्या आणि तासाभरात आकडे समोर होते. तिसरा, लाल रंगवलेला: चौदा. चौथा: एकशे एकवीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते इथे नुसतं म्हणायला उरलं नव्हतं.

साहेबांनी जुना तक्ता आणि नव्या तपासणीचा कागद, दोन्ही वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"सिस्टरला. आणि आता तुम्हाला."

"बरं. उद्या सकाळी रंगारी पाठवतो. चौथा लाल करू, तिसऱ्याचा लाल काढू. कागदावर लिहू, नव्या तपासणीनुसार बदल. खोटं नाही ते. नवी तपासणी झालीच आहे. पाणी आहे शेवटी, एक सुधारतं, एक बिघडतं."

"आणि ते मूल?"

"ते प्रकरण बंद झालंय, बाई. म्हातारी कबूल आहे."

"साहेब, म्हातारीने चांगलं पाणी भरलं होतं."

साहेबांनी दोन्ही कागद उलटे करून ठेवले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून कुणाचं मूल परत येणार आहे? तुमची नोकरी जाईल, माझी जाईल, त्या बिचाऱ्या नर्सला उगाच खेटे घालावे लागतील. तुम्ही प्रोग्राम दुरुस्त करा. पुन्हा असं होता कामा नये, एवढं बघा."

बाईंनी प्रोग्राम दुरुस्त केला. एकेक ओळ अख्खी वाचायची, तिच्यात सहा आकडे आहेत का मोजायचे, नसतील तर तिथल्या तिथे थांबून ओरडायचं. सगळं मिळून सात-आठ ओळी, वीस मिनिटांचं काम. बैल गेला आणि झोपा केला. सिस्टरची जुनी फाइल त्यांनी त्यातून पुन्हा काढून पाहिली. प्रोग्राम पाचव्या गल्लीपाशी थांबला आणि म्हणाला, ओळ पाच, आकडे अपुरे. बाईंनी ते वाक्य पाहिलं आणि त्यांना तिथेच, ऑफिसात, सगळ्यांसमोर रडू आलं. त्या उठून बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

रंगाऱ्याच्या आधी पोचायचं म्हणून दुसऱ्या दिवशी त्या लवकर निघाल्या. नोकरी गेली तर गेली, पण त्या म्हातारीला खरं सांगायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पुढचं काही ठरवलं नव्हतं. खरं सांगितलं की पुढचं आपोआप सुचतं, असं त्यांना वाटत होतं.

घर दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक पाळणा उलटा करून ठेवलेला, त्याच्यावर घड्या घातलेल्या चादरी. म्हातारी मागच्या खोलीत खिडकीखाली बसून शर्टाला बटण लावत होती. मुलगा कामावर गेला होता, सून पाण्याला.

"ऑफिसच्या ना तुम्ही?" म्हातारीने दोरा दाताने तोडला. "आणखी कुठे अंगठा हवाय? द्या. मी भरलं म्हणून सांगितलंय ना, बदलायची नाही मी."

"अंगठा नको, आजी. मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोला बाई. या घरात माझ्याशी कुणी बोलेनासं झालंय. ताट पुढे येतं वेळेवर, शब्द येत नाही. त्यांचं चुकत नाही म्हणा. मुलगा शर्ट आणून टाकतो, बटण तुटलं असं तोंडाने सांगतसुद्धा नाही. मीच शोधते कुठलं तुटलंय ते."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सांगितलं. अ‍ॅरे, फाइल यातलं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की आकडे लिहिलेल्या कागदावर एक जागा मोकळी होती, त्यांच्या मशीनने ती ओलांडली, पुढचे सगळे आकडे एकेक हापसा सरकले, आणि रंग चुकीच्या हापशाला लागला. मशीनला शिकवलं होतं त्यांनी. चूक त्यांची.

म्हातारी सुई हातात धरून ऐकत होती. "थांबा," ती म्हणाली. "म्हणजे दारातला हापसा चांगला होता?"

"हो."

"मी भरलेलं पाणी चांगलं होतं?"

"चांगलं होतं. त्याने बाळाला काही झालं नाही."

म्हातारीने डोळे मिटले. दीड महिना खांद्यावर वागवलेलं ओझं कुणी उचलून घ्यावं तसे तिचे खांदे खाली आले, आणि तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. बाईंना वाटलं, बरं झालं आपण आलो. हे वाटणं फार तर दहा सेकंद टिकलं.

म्हातारीने डोळे उघडले. "मग ती आणायची ते?"

बाईंची नजर म्हातारीच्या मांडीवरच्या शर्टावर गेली.

"ती चौथ्यावरनं आणायची. दोन वेळा, रोज. मी म्हणायचे, अगं दारात पाणी असताना कशाला तंगडतोड? तर भांडायची माझ्याशी. एकदा माझी भरलेली घागर मोरीत ओतून दिली तिने, बाळाच्या जिवावर उठलात का म्हणाली." म्हातारीचा आवाज खाली खाली जात होता. "आणि ती तर उकळायची ते. चांगलं वीस-वीस मिनिटं. घड्याळ लावून."

उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. तेवढं मात्र बाईंनी पोटात ठेवलं.

"तिला सांगू नका," म्हातारी म्हणाली.

"आजी, यात तिची काही चूक नाही. माझी आहे. मी तेच सांगणार आहे तिला."

"चूक तुमची असेल. हात तिचे होते." म्हातारीने सुई शर्टाला टोचून ठेवली आणि बाईंचं मनगट धरलं. तिची बोटं गार होती. "माझं काय, मी पिकलं पान. माझ्या नावावर आहे ते राहू द्या, मला आता सवय झालीय. ती सव्वीस वर्षांची आहे. तिला अजून पोरं व्हायचीत. उद्या दुसरं झालं तर त्याच्या तोंडाला बाटली लावताना तिचा हात थरथरायला नको. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते?"

"पण तुम्ही जन्मभर—"

"जन्म कुठे उरलाय मोठा. शपथ घ्या."

बाईंनी शपथ घेतली नाही, पण हातही सोडवून घेतला नाही. तेवढ्यात बाहेरून मोठमोठ्याने बोलल्याचा आवाज आला. रंगारी आला होता.

बाई दारात आल्या. गल्लीत पुढे चौथ्या हापशाशी रंगाऱ्याने डबा उघडून ठेवला होता आणि दांड्याला लाल रंगाचा पहिला हात दिला होता. त्याच्यासमोर दोन बादल्या भरून ठेवून एक मुलगी उभी होती. सडसडीत, केस कसेतरी मागे बांधलेले, डोळ्यांखाली काळं. हीच सून, हे बाईंना कुणी सांगावं लागलं नाही.

"अहो, चुकताय तुम्ही," ती म्हणत होती. "लाल तो आहे, आमच्या दारातला. हा चांगला आहे."

"चिठ्ठीत हाच लिहिलाय. तिसऱ्याचा लाल काढायचा, चौथ्याला लावायचा. मी काय मनाचं करतोय का?"

सुनेने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला दारातल्या बाई दिसल्या, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. ती भराभर चालत आली. "तुम्ही ऑफिसच्या ना? त्याला सांगा ना, तो चुकतोय."

"तो चुकत नाहीये," बाई म्हणाल्या.

सून थांबली. बाईंच्या मागे, खोलीच्या अंधारात, म्हातारी भिंतीला धरून उभी राहिल्याचं बाईंना न पाहता कळत होतं.

"म्हणजे हा खराब आहे?" सुनेने चौथ्या हापशाकडे बोट केलं. ते बोट हवेत तसंच राहिलं. मग तिने सावकाश विचारलं, "कधीपासून?"

खरं सांगायला आलेल्या बाईंच्या तोंडाशी खरं आलं होतं. समोर तो चेहरा होता. त्याच्यावर आत्ता, या क्षणाला, फक्त शंका होती. बाईंनी एक शब्द उच्चारला की तिची खात्री होणार होती. मागे म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. आणि या दोघींच्या मधे, अगदी खोल कुठेतरी, बाईंची नोकरी होती, नऊ वर्षांचं नाव होतं, साहेबांची झाकली मूठ होती. पुढे कितीही वेळा आठवलं तरी यातल्या कशाने त्यांची जीभ वळवली ते बाईंना सांगता आलं नाही.

"आत्ता निघाला," त्या म्हणाल्या. "कालच्या तपासणीत. तेव्हा चांगला होता."

"आणि हा दारातला?"

एक खोटं बोललं की ते दुसऱ्याला हाताला धरून आणतंच. "हा तेव्हा खराब होता. आता सुधारलाय."

सुनेचं बोट खाली आलं. अंगातली ताठरलेली शीर सैल व्हावी तसा तिने श्वास सोडला, आणि मग तिची नजर बाईंच्या खांद्यावरून आत गेली. दीड महिन्यात ती सासूशी एक अक्षर बोलली नव्हती. आज बोलली.

"ऐकलंत?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चांगला होता तो तेव्हा. चाळीस पावलं होती. तुम्हाला चाळीस पावलं चालवली नाहीत."

"हो गं," म्हातारी म्हणाली. "चालायला हवं होतं मी. चुकलंच माझं."

सून बादल्या आणायला वळली. म्हातारी लंगडत दाराशी आली, चौकटीला टेकली आणि बाईंकडे पाहून तिने हात जोडले.